शिडी धरणाऱ्याचं म्हणणं

ठरावात लिहिलं होतं: पश्चिमेची भिंत,
बत्तीस फूट बाय अकरा, विषय ज्ञान आणि प्रगती,
मानधन तीन हप्त्यांत.
आणि शेवटी, बारीक अक्षरात, शिडीसाठी एक माणूस.
तो मी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या धुतो.

गौस पेंटर पाथरीहून पहिल्या एसटीनं यायचा,
डबा, ब्रश आणि जुन्या लुंगीत गुंडाळलेला ओळंबा.
एकेकाळी मानवतच्या अर्ध्या दुकानांची नावं
त्याच्या हातची होती. ‘ठ’ असा गोल काढायचा
की पितळी भांड्यांची पाटी लांबून वाजायची.
मग फ्लेक्स आला.
गौसभाई फ्लेक्स म्हणत नाही, ‘ते कापड’ म्हणतो.

पहिले चार दिवस त्यानं रंगाचं झाकण काढलंच नाही.
बोटाच्या पेरानं भिंत ठोकत फिरला,
एका जागी कान लावून थांबला.
तिथं छतापासून जोत्यापर्यंत एक भेग,
दर वर्षी सिमेंटनं बुजवलेली,
दर वर्षी परत आलेली.

प्राचार्य डोणगावकर मॅडम म्हणाल्या, आधी ही भरून घ्या.
‘नक्को,’ तो म्हणाला, ‘खाली काळी माती हाय.
पावसाळ्यात फुगते, वैशाखात आवळते.
तिच्या अंगावर कॉलेज बांधलंय,
आता तिला हलू नको कसं म्हनता?’
मग भेगेच्या दोन्ही अंगांना बोटभर जागा कोरी सोडून
तो रंगाकडे वळला.

मी चित्र पाहिलं नाही. खरं सांगतो.
दीड महिना मला दिसले त्याचे तळपाय,
उजव्या टाचेच्या भेगेत शिरलेला निळा,
आणि वरून गळणारे थेंब.
थेंबांवरून मी अंदाज बांधायचो.
आज पिवळा: समितीचा सूर्य.
आज राखाडी: संगणक.
मग तीन दिवस नुसता तपकिरी पडत राहिला,
दर वेळी वेगळा तपकिरी,
माझ्या शर्टावर, मनगटावर.
समितीच्या यादीत तपकिरी काहीच नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी शिडी सोडून
मी मैदानाच्या टोकाला गेलो.
सूर्य, पुस्तक, पृथ्वी, संगणक, सगळं यादीबरहुकूम,
पण वर कोपऱ्यात, लहान,
परवा बाजारात मांडून ठेवल्यासारखं.
आणि खाली, भिंतीच्या या टोकापासून
खऱ्याखुऱ्या फी-खिडकीपर्यंत, माणसांची रांग.
सगळी पाठमोरी. तो तपकिरी त्यांच्या मानांचा होता.
एकाच्या काखेत सुतळीनं बांधलेली फाईल,
एका बाईच्या अंबाड्यात जिनिंगचा कापूस,
एकाने चप्पल काढून हातात धरलेली, का कुणास ठाऊक.
भेगेच्या अलीकडे चौदा, पलीकडे पाच.
आणि काठावर एक पोरगी, पाय उचललेली.
ती ओलांडते आहे की थबकली आहे
यावर मराठी विभागात दोन तट पडले,
ते अजून चहा वेगवेगळा घेतात.

अध्यक्षांनी विचारलं, यात प्रगती कुठंय?
गौसभाई ब्रश पुसत होता.
‘रांगेत हाय, साहेब.’

वैशाखात भेग उघडली. मी रोज जाऊन पाहायचो.
लहान परीक्षानळी आत जाईल एवढी झाली,
रंगाचा पोपडाही पडला नाही.
दुसरी भेग मात्र त्यालाही ऐकू आली नव्हती.
ती निघाली खांबाच्या वरून, थेट सूर्यातून.

मी फोन लावला.
बराच वेळ नुसता त्याच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, ‘रुंद किती?’
म्हटलं, दोन रुपयांचं नाणं बसेल.
‘अजून होऊ दे. थांबली की सांग.’

तिसरा हप्ता निघालेला नाही.
शिडी मी प्रयोगशाळेत आणून
कपाटांमागे आडवी ठेवली आहे,
कुणी नेऊ नये म्हणून.